सोशल प्रिस्क्रायबिंगचा प्रभागापुरता अभ्यास: चिठ्ठी देण्याआधी काय, दिल्यानंतर काय

दवाखान्यात येणाऱ्या काही जणांचं दुखणं गोळीने हटत नाही. निवृत्तीनंतर करमत नाही, नवरा गेल्यापासून झोप लागत नाही, सुनेशी पटत नाही म्हणून पाठ दुखते. अशा माणसाला डॉक्टरने औषधाच्या जोडीला विरंगुळा केंद्र, हास्यक्लब, बचत गट, वाचनालय किंवा समुपदेशन केंद्राकडे चिठ्ठी देऊन पाठवायचं आणि मधल्या एका ‘दुवा’ कार्यकर्त्याने त्याला तिथे नेऊन रुळवायचं, ही सोशल प्रिस्क्रायबिंगची पद्धत. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत २०१९ पासून त्यासाठी पगारी ‘लिंक वर्कर’ आहेत. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ ची मार्गदर्शिकाही उपलब्ध आहे.

नवी मुंबईत या विषयावर काम करू पाहणारे समाजकार्याचे विद्यार्थी, सामुदायिक वैद्यकशास्त्राचे निवासी डॉक्टर, नर्सिंगच्या विद्यार्थिनी आणि ज्येष्ठ नागरिक संघ बहुतेक एकाच क्रमाने जातात. आधी प्रश्नावली, मग साठ-सत्तर जणांच्या मुलाखती, मग ‘आता यांना पाठवायचं कुठे’ हा प्रश्न, आणि परवानगीचा अर्ज सगळ्यात शेवटी. आधी कळस मग पाया. खालचा क्रम एका नागरी आरोग्य केंद्राच्या हद्दीत, सहा ते नऊ महिन्यांत, दोन-तीन माणसांनी करण्याजोग्या अभ्यासासाठी आहे.

१. प्रश्न एका ओळीत बसवा

‘सोशल प्रिस्क्रायबिंगचा ज्येष्ठांच्या आरोग्यावर होणारा परिणाम’ हे प्रबंधाचं शीर्षक झालं, प्रश्न नव्हे. प्रश्न तीन प्रकारचे असतात. लोक पोहोचतात आणि टिकतात का? टिकल्याने त्यांच्यात फरक पडतो का? पडत असेल किंवा नसेल, तर कशामुळे?

हाताशी एक सत्र असेल तर पहिला आणि तिसरा प्रश्न घ्या. दुसऱ्याला तुलनेचा गट लागतो, जास्त माणसं लागतात आणि किमान सहा महिने लागतात. पहिला प्रश्न दुय्यम वाटतो म्हणून विद्यार्थी त्याला टाळतात. माझ्या मते आपल्याकडे सध्या त्याचीच खरी गरज आहे.

‘ओपीडीतल्या फेऱ्या कमी झाल्या का’ हा प्रश्न मोहात पाडतो. तो घेऊ नका. कोपरखैरणेतला माणूस सोमवारी पालिकेच्या केंद्रात, बुधवारी कोपऱ्यावरच्या खासगी डॉक्टरकडे आणि शुक्रवारी थेट मेडिकलवर जातो. केंद्राच्या रजिस्टरात त्यातली एकच फेरी दिसते.

तपासा: तुमचा प्रश्न केंद्रातल्या आरोग्य सेविकेला वाचून दाखवा. तिने ‘म्हणजे नक्की काय बघणार?’ असं विचारलं, तर पुन्हा लिहा.

२. पायी फिरून ठिकाणांची यादी करा

हा टप्पा सगळ्यात जास्त वेळ खातो आणि नेमका हाच टाळला जातो. इंटरनेटवरून किंवा नगरसेवकाच्या कार्यालयातून मिळालेली यादी ही सुरुवात समजा. तिच्यातली काही ठिकाणं बंद असतात, काही वर्षातून एकदा वर्धापनदिनाला उघडतात, तर काही एकाच सोसायटीच्या लोकांपुरती असतात.

एक हद्द ठरवा. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाच्या निकषानुसार एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र साधारण ५०,००० लोकांसाठी असतं. अभ्यासाला तेवढी हद्द पुरते. मग त्या हद्दीत पालिकेचं विरंगुळा केंद्र, ज्येष्ठ नागरिक संघ, बागेतले हास्यक्लब आणि योगवर्ग, भजनी मंडळं, महिला मंडळं, बचत गट, वाचनालयं, अभियानाखालच्या महिला आरोग्य समित्या, दिव्यांगांसाठीच्या सोयी, समुपदेशन केंद्रं आणि मोफत कायदे-सल्ला शोधा. गावठाणं विसरू नका. करावे, दिवाळे, सारसोळे, घणसोली, गोठिवली इथल्या आगरी-कोळी वस्त्यांमधली मंडळं सेक्टरच्या यादीत नसतात, आणि सेक्टरातला कार्यकर्ता तिथे सहसा पोहोचतही नाही.

प्रत्येक ठिकाणी स्वतः जा आणि ते ज्या वेळी चालू असतं त्याच वेळी जा. या गोष्टी लिहून घ्या:

- वार, वेळ, पावसाळ्यात चालू असतं की बंद
- वर्गणी किती, आणि न देणाऱ्याचं काय होतं
- जिने किती, बाकाला पाठ आहे का, स्वच्छतागृह उघडं असतं का (गुडघेदुखी आणि मधुमेह असलेल्या माणसाचं येणं-न येणं या तीन गोष्टींवर ठरतं)
- जवळचा एनएमएमटी बसचा थांबा आणि तिथून चालायचं अंतर
- बोलण्याची भाषा. तुर्भे स्टोअरकडून येणाऱ्या हिंदीभाषक बाईला मराठी भजनी मंडळात किती वेळ बसवेल?
- नवीन माणसाशी पहिल्यांदा कोण बोलतं, त्याचं नाव आणि त्याची संमती

आणखी एक बाब कागदावर येत नाही पण बघावी लागते. काही गट ‘सर्वांसाठी खुले’ म्हणतात, पण झोपडपट्टीतून किंवा माथाडी चाळीतून आलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी बसायला जागा मिळत नाही. कोणी हाकलत नाही, फक्त कोणी सरकून घेत नाही. अशा ठिकाणासमोर खूण करा. अहवालात नाव नको, पण तिथे कोणाला पाठवू नका.

गटाशी बोलताना त्यांची क्षमताही विचारा. वीस जणांच्या हास्यक्लबात एका महिन्यात पंधरा नवे पाठवले तर जुने गळतात. महिन्याला दोन-तीन ठीक. आणि गटाला यातून काय मिळणार, हे आधी ठरवा: चार जास्तीच्या खुर्च्या, चहाचा खर्च, रक्तदाब मोजायचं यंत्र. फुकटात कोणाच्या अंगणात माणसं सोडणं बरं नव्हे.

सावध: समोरासमोर पाहिलेली किमान दहा ठिकाणं हातात नसतील तर पुढच्या टप्प्याला जाऊ नका.

३. परवानग्या, आणि त्यांच्यातली कोंडी

संशोधनाला मंजुरी देणारी संस्थेची नैतिकता समिती विचारते, पालिकेची परवानगी कुठे आहे? पालिका विचारते, समितीची मंजुरी कुठे आहे? इथे महिने जातात. उपाय साधा आहे. बेलापूरच्या मुख्यालयात आरोग्य विभागाकडे दोन पानी टिपणासह अर्ज करून ‘समितीच्या मंजुरीच्या अधीन राहून’ अशी तत्त्वतः परवानगी मागा. अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. त्या पत्रासह समितीकडे जा आणि मंजुरी आली की अंतिम परवानगी घ्या.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वं अशा अभ्यासालाही लागू होतात. ‘आम्ही औषध देत नाही, मग समिती कशाला’ हा युक्तिवाद चालत नाही. एकटेपणाबद्दल, घरातल्या भांडणांबद्दल विचारणं हीही जोखीमच आहे. संस्थेकडे स्वतःची समिती नसेल तर समिती असलेल्या महाविद्यालयाला सोबत घ्या. कामाला सुरुवात झाल्यावर मागून मंजुरी मिळत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

दुसरा प्रश्न घेतला असेल, म्हणजे काहींना चिठ्ठी देऊन दुसऱ्या गटाशी तुलना करणार असाल, तर पहिला सहभागी घेण्यापूर्वी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी करा. ती मोफत आहे. औषध नसलेल्या उपक्रमांचीही तिथे नोंदणी होते.

संमतिपत्र मराठी आणि हिंदीत, एका पानात, मोठ्या टाइपात हवं. वाचता न येणाऱ्याला निःपक्ष साक्षीदारासमोर वाचून दाखवा, अंगठा घ्या आणि साक्षीदाराची सही घ्या. साक्षीदार म्हणून घरातल्या मुलाला किंवा तुमच्याच सहकाऱ्याला बसवू नका. ‘नाही म्हटलं तरी केंद्रातले उपचार थांबणार नाहीत’ हे वाक्य तोंडाने म्हणा; छापलं म्हणून कळलं असं होत नाही.

४. दुवा कोण, हे चिठ्ठीआधी ठरवा

चिठ्ठी हातात देऊन ‘जाऊन या’ म्हटलं की बहुतेक माणसं जात नाहीत. जी जातात ती बहुधा नाहीतरी गेलीच असती. या पद्धतीचा सगळा भार मधल्या माणसावर असतो, आणि आपल्याकडच्या प्रकल्पांत नेमका तोच माणूस नसतो.

पहिली चूक म्हणजे हे काम आशा सेविकेच्या गळ्यात घालणं. शहरी भागात एका आशाकडे १,००० ते २,५०० लोकसंख्या असते; लसीकरण, गरोदर माता, क्षयरोग, सर्वेक्षणं यातून ती आधीच वाकलेली आहे. तिला कोणाच्या घरात काय चाललंय हे ठाऊक असतं, म्हणून माणसं ओळखायला तिची मदत घ्या, त्याचा मोबदला अंदाजपत्रकात लिहा, आणि सोबत जाणं, फोन करणं, नोंदी ठेवणं हे दुसऱ्यावर सोपवा. समाजकार्याचा पदवीधर, निवृत्त परिचारिका, निवृत्त शिक्षिका यांतून माणूस मिळतो. माथाडी कुटुंबांसाठी सातारा-सांगलीकडच्या बोलीशी परिचय असेल तर पहिलीच भेट सोपी जाते. गावठाणात आगरी बोलणारी व्यक्ती असेल तर उत्तमच.

एका अर्धवेळ माणसाकडे एकावेळी पंधरा-वीस जणांपेक्षा जास्त सोपवू नका.

प्रशिक्षण दोन दिवसांचं पुरे, पण त्यात व्याख्यानं कमी आणि सराव जास्त ठेवा. शिकवायचं ते असं: ‘तुम्हाला काय त्रास आहे’ याऐवजी ‘पूर्वी तुमची संध्याकाळ कशी जायची’ इथून बोलणं सुरू करणं, दोन पर्याय सुचवून निवड त्या माणसावर सोडणं, आणि आपल्या आवाक्याबाहेरची गोष्ट ओळखून तिथे थांबणं.

थांबण्याचा कागद आधी तयार हवा. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार, भास, घरातली मारहाण, उपाशी ठेवणं, छातीत दुखणं यांतलं काहीही दिसलं तर त्या माणसाला हास्यक्लबची चिठ्ठी द्यायची नाही. त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्याला कळवायचं. भिंतीवर लावायचे क्रमांक असे: टेली-मानस १४४१६, ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन १४५६७, महिलांसाठी १८१, रुग्णवाहिका १०८. मुलं पोसत नाहीत अशी तक्रार असेल तर २००७ च्या पालक व ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली निर्वाह न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. तो अर्ज कसा भरायचा, हे दुवा कार्यकर्त्याला माहीत असावं.

तपासा: कार्यकर्ता रजेवर गेला तर फोन कोण उचलणार? नाव लिहिलेलं नसेल तर सुरू करू नका.

५. सुरुवातीची मोजणी: थोडं विचारा, नीट विचारा

चाळीस प्रश्नांची प्रश्नावली टाकून द्या. मनःस्वास्थ्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा पाच प्रश्नांचा डब्ल्यूएचओ-५ निर्देशांक घ्या: गेल्या दोन आठवड्यांबद्दल पाच विधानं, प्रत्येकाला ० ते ५, बेरजेला ४ ने गुणून ० ते १०० गुण. ५० किंवा त्याखाली गुण आले तर नैराश्यासाठी पुढची तपासणी करावी, असा संकेत आहे. एकटेपणासाठी यूसीएलएची तीन प्रश्नांची पट्टी घ्या, गुण ३ ते ९. वय, शिक्षण, घरात कोण, चालण्याची अडचण, इतके जोडले की झालं.

पीएचक्यू-९ ही नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरायचा मोह आवरा. त्यातला नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. उत्तर ‘हो’ आलं आणि तुम्ही फॉर्म रविवारी घरी जाऊन भरायला बसलात, तर ती अक्षम्य हयगय आहे. वापरायचाच असेल तर उत्तर त्याच जागी वाचायचं आणि त्याच दिवशी पुढची व्यवस्था करायची.

मराठी रूपांतर आठ-दहा जणांवर करून पाहा. प्रश्न वाचून झाला की ‘यात तुम्हाला काय विचारलं असं वाटलं?’ असं विचारा. उत्तरं ऐकून तुम्हीच चकित व्हाल.

मुलाखत त्या माणसाला एकटं गाठून घ्या. मुलगा समोर बसलेला असताना ‘सगळं बरं आहे हो, पोरं खूप करतात’ हेच उत्तर येणार, आणि वन बीएचकेमध्ये दार लावून बोलायची जागा नसते. बागेतला बाक, केंद्राच्या मागचा व्हरांडा, दुपारचं रिकामं विरंगुळा केंद्र अशी जागा आधी हेरून ठेवा.

आता महिना. सुरुवातीची मोजणी पितृपक्षात आणि नंतरची दिवाळीत केली तर सुधारणा हमखास दिसेल; ती चिठ्ठीची नव्हे, घरी आलेल्या लेकीची. जून ते सप्टेंबर बागेतले गट पावसाने विस्कळीत होतात. मे महिन्यात अर्धी वस्ती गावाला जाते. म्हणून सुरुवात नोव्हेंबरच्या मध्यानंतर करा, तीन महिन्यांची मोजणी फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. सहा महिन्यांची मे-जूनमध्ये पडते. त्यासाठी गावाकडचा फोन क्रमांक पहिल्याच भेटीत घेऊन ठेवा.

सावध: चिठ्ठी दिल्यानंतर ‘आधी कसं वाटत होतं ते आठवून सांगा’ ही सुरुवातीची मोजणी धरली जात नाही.

६. चिठ्ठी, सोबत, पाठपुरावा

चिठ्ठीवर आजाराचं नाव लिहू नका. ती गटातल्या चार जणांच्या हातातून फिरते, आणि ‘डिप्रेशन’ हा शब्द दुसऱ्या दिवशी सगळ्या सेक्टरभर झालेला असतो. नाव, ठिकाण, वार, वेळ आणि भेटायच्या व्यक्तीचं नाव एवढंच हवं.

पहिल्या वेळी दुवा कार्यकर्त्याने स्वतः सोबत जायचं. दुसऱ्या दिवशी फोन. आठवड्याने पुन्हा फोन. न गेलेल्याला दोष न देता कारण विचारायचं आणि तेच शब्द लिहायचे: ‘नातवाची शाळा सुटायची तीच वेळ’, ‘साडी नेसून जावं लागतं’, ‘लिफ्ट बंद’. ही वाक्यं तुमच्या अभ्यासातला सगळ्यात मोलाचा माल आहे. दोनदा प्रयत्न करूनही जमलं नाही तर दुसरं ठिकाण सुचवा. तिसऱ्या नकारानंतर मात्र थांबा. नको म्हणण्याचा हक्क त्यांचा आहे.

नोंदवही दोन भागांत ठेवा. एकीत नाव, फोन आणि सांकेतिक क्रमांक, ती कुलपात. दुसरीत फक्त सांकेतिक क्रमांक आणि उत्तरं. सहभागींचा व्हॉट्सॲप ग्रुप अजिबात काढू नका; एकाचा क्रमांक सगळ्यांना दिसतो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा आता आहे, पण तो नसता तरी हे करायचं नव्हतंच.

७. हिशेब

‘पोहोचला’ आणि ‘टिकला’ यांच्या व्याख्या पहिल्या दिवशी लिहून ठेवा. उदाहरणार्थ, एकदा गेला तो पोहोचला; पहिल्या आठ आठवड्यांत किमान चार वेळा गेला तो टिकला. शेवटी आकडे पाहून व्याख्या बदलणं ही लबाडी आहे, मग ती कितीही निरागसपणे केलेली असो.

समजा ६० जणांना चिठ्ठी दिली, ४५ जण दुवा कार्यकर्त्याला भेटले, २७ पोहोचले, १८ टिकले. या १८ जणांचे गुण वाढले असं लिहून मोकळं होणं ही सर्रास चूक. जे टिकले ते मुळातच जास्त धडधाकट, जास्त बोलके असू शकतात. हिशेब ६० जणांचा मांडा, आणि चारही आकडे एकाखाली एक छापा.

दुसरी चूक अधिक फसवी आहे. माणूस दवाखान्यात येतो तेव्हा तो बहुधा सगळ्यात वाईट दिवसांत असतो. तीन महिन्यांनी काहीही न करता तो थोडा सावरतोच. त्यामुळे नुसत्या आधी-नंतरच्या मोजणीवरून ‘चिठ्ठीमुळे’ असं म्हणता येत नाही. २०१७ साली ‘बीएमजे ओपन’मध्ये आलेल्या आढाव्यात १५ मूल्यमापनं तपासली होती, आणि त्यांत तुलनेचा गट नसणं, कमी काळाचा पाठपुरावा, गळालेली माहिती हेच दोष वारंवार आढळले. मोठा निधी असलेल्या देशातही हीच गत होती.

तुलनेचा सोपा मार्ग असा: दुवा कार्यकर्ता एकच आहे, सगळ्यांना एकदम घेता येत नाही, मग कोण आधी आणि कोण तीन महिन्यांनी हे सोडत काढून ठरवा. नंतर येणारे हा तुमचा तुलनेचा गट. कोणी वंचित राहत नाही आणि समितीलाही हे पटतं. अर्थात, तातडीची गरज असलेल्याला रांगेत उभं करू नका. त्याला अभ्यासाबाहेर ठेवून मदत द्या.

किती माणसं लागतील? डब्ल्यूएचओ-५ वर १० गुणांचा फरक अर्थपूर्ण मानला जातो. प्रमाण विचलन (गुणांचा पसारा) २० धरलं, तर नेहमीच्या ८० टक्के सांख्यिकी शक्तीला (खरा फरक सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के सार्थकता-पातळीला (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) प्रत्येक गटात सुमारे ६३ जण लागतात. तीस टक्के गळतील असं धरलं की ९०. म्हणजे दोन्ही गट मिळून १८०. एका सत्रात, एका अर्धवेळ कार्यकर्त्यावर हे होणार नाही. एका सत्रात पहिला आणि तिसरा प्रश्नच घ्या म्हटलं, ते याचसाठी. ४०-५० जणांवर पोहोचण्या-टिकण्याचा प्रामाणिक हिशेब निघतो.

त्याला जोड म्हणून बारा-पंधरा सविस्तर मुलाखती घ्या. त्यांत निम्मे न गेलेले किंवा सोडून दिलेले असावेत. त्यांना गाठणं अवघड जातं. फोन उचलत नाहीत, ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणतात. तरी त्यांच्याशिवाय तुमचा अहवाल म्हणजे आलेल्यांचं कौतुक एवढंच उरेल. गटप्रमुखांशीही बोला. नवीन माणसांनी त्यांच्या गटाचं काय झालं, हे विचारायचं कोणालाच सुचत नाही.

तपासा: अहवालात ‘सिद्ध झाले’ हा शब्द शोधा आणि प्रत्येक ठिकाणी ‘आढळले’ चालतं का ते पाहा.

८. परत नेणं

महाविद्यालयात प्रत जमा करण्याआधी विरंगुळा केंद्रात बसून निष्कर्ष वाचून दाखवा, दोन पानांत, तक्त्यांशिवाय. लोक चुका काढतील. त्या दुरुस्त करा. आरोग्य विभागालाही प्रत द्या आणि पोच घ्या.

अभ्यास संपतो त्या महिन्यात दुवा कार्यकर्त्याचा फोन अचानक बंद होऊ देऊ नका. शेवटच्या भेटीची तारीख सहभागींना सहा आठवडे आधी सांगा आणि प्रत्येकाला गटातल्या एका माणसाचं नाव हाती द्या. ठिकाणांची यादी केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे आणि ज्येष्ठ नागरिक संघाकडे सोपवा. प्रत्येक ओळीपुढे शेवटची पाहणी कधी केली ती तारीख, आणि पुढची पाहणी कोण करणार त्याचं नाव.

नंतरचा विद्यार्थी त्याच प्रभागात आला तर त्याला तीच यादी द्या, पण ‘पुन्हा एकदा फिरून ये’ असं सांगून. सहा महिन्यांत वेळा बदलतात, बागेचं नूतनीकरण निघतं, हास्यक्लब दुसऱ्या मैदानात जातो.